कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्यायलाच हवा का? ख्रिस्ती समाजातला ‘दशांशा’चा वाद समजून घ्या

समजा, सोलापूरच्या नवी पेठेत कपड्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाला महिना १५ हजार रुपये पगार आहे. घरभाडं, किराणा, मुलीची फी आणि गाडीचा हप्ता गेल्यावर हातात फारसं काही उरत नाही. तो ख्रिस्ती असेल आणि त्याच्या मंडळीत दशांशाची शिकवण दिली जात असेल, तर खर्चाच्या यादीत सगळ्यात वर आणखी एक आकडा येतो, १,५०० रुपये.

हा तरुण मोबाइल उघडतो तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. एका रीलमध्ये पास्टर सांगतात की दशांश न देणं म्हणजे देवाला लुटणं. पुढच्याच रीलमध्ये दुसरे उपदेशक सांगतात की दशांशाचा नियम ख्रिस्ती माणसाला लागूच नाही. दोघांच्याही हातात बायबलच असतं.

मग नेमकं खरं काय? दशांश आला कुठून? आणि आजच्या काळात, महागाईत, कर भरून झाल्यावर तो द्यायलाच हवा का?

दशांश म्हणजे काय?

दशांश किंवा दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. ख्रिस्ती परिभाषेत याचा अर्थ कमाईतले १० टक्के देवाच्या कामासाठी वेगळे काढणं असा होतो.

दहाव्या हिश्शाची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. मराठेशाहीतली ‘सरदेशमुखी’ ही महसुलाच्या दहाव्या हिश्शाइतकीच होती. अर्थात तो राजकीय हक्क होता, धर्मदान नव्हतं. शीख धर्मात ‘दसवंध’ आहे, म्हणजे कमाईचा दहावा भाग. मुस्लिमांमध्ये निकष पूर्ण करणाऱ्यांनी बचतीवर अडीच टक्के जकात द्यायची असते. स्वामिनारायण संप्रदायाच्या ‘शिक्षापत्री’त गृहस्थाने दहावा भाग द्यावा आणि परिस्थिती बेताची असेल तर विसावा द्यावा, अशी सोय आहे.

ही शेवटची सोय लक्षात ठेवा. दशांशाच्या वादातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच आहे.

बायबलमध्ये काय सांगितलं आहे?

बायबलच्या जुन्या करारात दशांशाचा पहिला उल्लेख उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात येतो. अब्राहाम युद्धातून परतताना मिळालेल्या लुटीतला दहावा भाग मलकीसदेक या याजकाला देतो. त्यानंतर २८व्या अध्यायात त्याचा नातू याकोब देवाला दहावा भाग देण्याचा नवस करतो. या दोन्ही वेळी कोणताही लेखी नियम नव्हता.

नियम आला तो मोशेच्या काळात. इस्राएलच्या बारा वंशांना जमीन वाटून दिली गेली, पण लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नाही. त्यांच्याकडे उपासनेचं काम होतं. म्हणून इतरांनी आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग लेव्यांना द्यावा, असं गणना या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सांगितलं आहे. आपल्या गावगाड्यात बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळायचा. त्याच्याशी याचं थोडं साम्य आहे.

इथे तीन गोष्टी बऱ्याचदा सांगायच्या राहून जातात.

पहिली, हा दशांश पैशांत नव्हता. तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरांवर होता, म्हणजे शेती आणि पशुपालनाच्या उत्पन्नावर. सुताराच्या किंवा मजुराच्या रोजंदारीवर दशांशाचा स्पष्ट नियम मोशेच्या शास्त्रात सापडत नाही.

दुसरी, दशांश एकच नव्हता. अनुवादाच्या १४व्या अध्यायात एक असा दशांश आहे, जो कुटुंबाने उपासनेच्या ठिकाणी नेऊन स्वतः आनंदाने खायचा होता आणि लेव्यांना सोबत घ्यायचं होतं. ठिकाण लांब असेल तर माल विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवं ते विकत घ्यायचं. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, परके, अनाथ आणि विधवांना द्यायचा होता. सगळं एकत्र धरलं, तर काही अभ्यासकांच्या मते बेरीज वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे ‘बायबलप्रमाणे बरोबर १० टक्के’ हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही.

तिसरी, दशांश घेणाऱ्या लेव्यांनाही त्यातला दहावा भाग पुढे याजकांसाठी द्यावा लागत होता. म्हणजे घेणारेही देण्यातून सुटले नव्हते.

‘देवाला लुटता’ हा मुद्दा कुठून येतो?

दशांशाच्या बहुतेक उपदेशांचा आधार मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय असतो. लोक दशांश आणि अर्पणं देत नाहीत, म्हणजे देवाला लुटतात, असा तिथे आरोप आहे. सगळा दशांश भांडारात आणा, मग आकाशाची दारं उघडून आशीर्वाद देईन, असं वचनही आहे.

हे ‘भांडार’ म्हणजे मंदिरातलं धान्याचं कोठार. ते रिकामं राहिलं की काय व्हायचं, हे नहेम्याच्या पुस्तकात दिसतं. वाटा मिळाला नाही म्हणून लेवी मंदिराचं काम सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते.

दशांशाचे समर्थक म्हणतात की भांडाराची जागा आज स्थानिक मंडळीने घेतली आहे. विरोधक म्हणतात की मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने पाडलं, लेव्यांची सेवा संपली, तेव्हा त्या कोठाराचा नियम आजच्या चर्चच्या खात्याला जसाच्या तसा लावता येत नाही. ज्यू लोकही आज मंदिराचा दशांश देत नाहीत. अनेक धार्मिक ज्यू कमाईचा दहावा भाग गरजूंसाठी काढतात, पण ती वेगळी परंपरा आहे.

येशू आणि पौल काय म्हणतात?

नव्या करारात येशूने दशांशाचा थेट उल्लेख केलेला प्रसंग मत्तयाच्या २३व्या अध्यायात आहे. शास्त्री आणि परूशी पुदिना, शेपू, जिरं यांचासुद्धा दशांश काटेकोर मोजून देत होते. पण न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी विसरले होते. येशूने त्यांना त्यावरून झापलं. या मोठ्या गोष्टी करायच्या होत्या आणि त्या लहान गोष्टीही सोडायच्या नव्हत्या, असं तो म्हणतो.

समर्थक या शेवटच्या भागावर बोट ठेवतात. येशूने दशांश रद्द केला नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. विरोधकांचं उत्तर असं की येशू तेव्हा मोशेच्या शास्त्राखाली राहणाऱ्या लोकांशी बोलत होता.

पुढे ज्यू नसलेले लोक ख्रिस्ती होऊ लागले, तेव्हा त्यांनी शास्त्रातलं काय काय पाळावं हे ठरवण्यासाठी यरुशलेमात सभा झाली. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात तिचा निर्णय आहे. त्या यादीत दशांश नाही.

पौलाने दानावर भरपूर लिहिलं आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं, असं तो करिंथच्या मंडळीला सांगतो. हे पैसे यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी होते. दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पाडलं म्हणून देऊ नये. टक्केवारी तो कुठेच सांगत नाही.

पण तोच पौल हेही म्हणतो की सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी. त्यामुळे ‘दशांश नाही, म्हणजे काहीच द्यायचं नाही’ हा अर्थही नव्या करारातून निघत नाही. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो. विधवा दोन नाणी टाकते आणि तेच तिचं सगळं असतं. दोघांच्याही बाबतीत १० टक्क्यांचं माप तोकडं पडतं.

मग चर्चमध्ये दशांश सक्तीचा कधी झाला?

सुरुवातीच्या काही शतकांत दान ऐच्छिक होतं. ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची ताकीद दिली. ७७९ मध्ये शार्लमेन राजाने त्याला कायद्याचं बळ दिलं. त्यानंतर युरोपात दशांश हा दान न राहता कर झाला.

कर म्हटलं की असंतोष आलाच. फ्रान्समध्ये १७८९च्या क्रांतीत दशांश रद्द झाला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांना अँग्लिकन चर्चसाठी दशांश भरावा लागत होता. १८३०च्या दशकात तिथे त्याविरोधात हिंसक आंदोलन झालं, ते ‘दशांश युद्ध’ म्हणूनच ओळखलं जातं. इंग्लंडने १८३६ मध्ये धान्यातला दशांश पैशांत बदलला आणि १९३६च्या कायद्याने ती पद्धतही मोडीत काढायला सुरुवात केली.

आज मंडळीत जो ‘स्वेच्छेचा दशांश’ शिकवला जातो, त्याचं रूप मोठ्या प्रमाणात अमेरिकेत घडलं. तिथे चर्चला सरकारी कराचा आधार उरला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने ही व्यवस्था १८३३ मध्ये बंद केली. चर्च चालवायचं तर सभासदांनीच पैसे द्यायला हवेत, अशी वेळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दशांशाचा प्रचार तिथे जोरात सुरू झाला.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

याच मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टन शहरातून चालणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला केंद्र सुरू केलं आणि पुढे सोलापुरातही काम उभारलं. अमेरिकन मराठी मिशन म्हणून हे काम ओळखलं जातं.

मिशनने शाळा, दवाखाने, वसतिगृहं काढली. शिक्षक, उपदेशक आणि पाळकांचे पगारही मोठ्या प्रमाणात परदेशातून येत. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले, तेव्हा हाच मुद्दा ऐरणीवर होता. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपण करावा, असं त्यांचं धोरण होतं.

सांगणं सोपं होतं. पण मंडळीतले बरेच लोक गावकुसाबाहेरच्या, भूमिहीन कुटुंबांतले होते. एका बाजूला परदेशी पैशावर अवलंबून राहायचं नाही, दुसऱ्या बाजूला देणाऱ्याच्याच घरात चूल पेटण्याची भ्रांत. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती दानाचा पेच दीडशे वर्षांपूर्वीच इथे तयार झाला.

या अवलंबित्वाची खंत बोलून दाखवणाऱ्यांत कवी नारायण वामन टिळकही होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही भारतीय वळणाची चळवळ सुरू केली.

आज कोणत्या चर्चची भूमिका काय आहे?

* कॅथलिक चर्च : १० टक्क्यांची सक्ती नाही. १९८३च्या चर्च कायद्याच्या कलम २२२ नुसार चर्चच्या गरजा भागवायला मदत करणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे, पण रक्कम ठरलेली नाही.
* चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या : सहा चर्च एकत्र येऊन १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अशा मंडळ्यांत सभासदांची वर्गणी, रविवारचं दान आणि उपकारस्तुतीचं दान चालतं. दशांशाची शिकवण दिली जाते, पण जोर मंडळीगणिक बदलतो.
* सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट : इथे दशांश ही ठाम शिकवण आहे. हा पैसा स्थानिक चर्चमध्ये खर्च होत नाही, वरच्या संघटनेकडे जातो आणि त्यातून पाळकांचे पगार होतात. इमारत, कार्यक्रम यांसाठीचं दान वेगळं.
* पेन्टेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या : दशांशावर सर्वाधिक भर इथे दिसतो. अनेक ठिकाणी पाळकाचं घर आणि हॉलचं भाडं पूर्णपणे यावरच चालतं.

वाद आत्ताच का वाढतोय?

पहिलं कारण कोरोना. मार्च २०२० मध्ये प्रार्थनास्थळं बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. रविवारची थैली फिरणं थांबलं, तसं दान यूपीआयवर गेलं. त्याबरोबर स्क्रीनवरच्या, कधी न भेटलेल्या उपदेशकालाही पैसे पाठवणं सोपं झालं.

दुसरं कारण परदेशी निधी. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं समाजसेवा मंडळ आणि ‘कासा’ यांच्यासह पाच संस्थांचे परवाने रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. हा पैसा मुख्यतः समाजकार्याचा होता, पाळकांच्या पगाराचा नव्हे. तरी यापुढे काम करायचं तर पैसा इथूनच उभा करावा लागेल, हा संदेश सगळ्यांपर्यंत गेला.

तिसरं कारण ‘द्या म्हणजे दुप्पट मिळेल’ असा प्रचार. दशांश दिला की कर्ज फिटेल, नोकरी लागेल, आजार जाईल, असं सांगितलं जातं. नाही दिला तर शाप लागेल, अशी भीतीही घातली जाते. दशांश मानणारे अनेक पाळकही या प्रकाराला विरोध करतात, कारण यात दान उरत नाही, गुंतवणूक होते.

१० टक्के सगळ्यांना सारखेच पडतात का?

कागदावर हो, घरात नाही.

महिना दीड लाख कमावणाऱ्याने १५ हजार दिले, तर त्याच्याकडे १ लाख ३५ हजार उरतात. १५ हजार कमावणाऱ्याने दीड हजार दिले, तर १३,५०० उरतात. पहिल्याची कदाचित बचत कमी होते. दुसऱ्याचं गॅस सिलिंडर किंवा औषध अडतं. सोलापुरात विड्या वळून किंवा यंत्रमागावर राबून चालणाऱ्या घरांत तर दर आठवड्याची कमाईही सारखी नसते.

दुसरा प्रश्न, दशांश कशावर? हातात येणाऱ्या पगारावर की पीएफ आणि कर कापण्याआधीच्या पगारावर? नवी पेठेतल्या एखाद्या दुकानदाराने महिन्यात १ लाखाचा माल विकला आणि नफा १५ हजार झाला, तर दशांश १० हजार की दीड हजार? विक्रीवर काढला तर त्याचा दोनतृतीयांश नफा गेला. म्हणून व्यापाऱ्याने नफ्यावरच काढावा, असं बहुतेक शिक्षक सांगतात. पण म्हणजेच कुठेतरी माणसाला स्वतःची बुद्धी वापरावीच लागते.

मिझोरामच्या चर्चने वेगळी वाट काढली. तिथे १९१०च्या सुमारास बायकांनी दर जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली. आज तो चर्चच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘मुष्टिफंडा’नेही असंच मूठमूठ धान्य गोळा करून रयतेची मुलं शिकवली. ज्या घरात जेवढं शिजतं, तेवढ्यातली मूठ. इथे टक्केवारी विचारावीच लागत नाही.

दिलेल्या पैशाचा हिशेब मागता येतो का?

येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या व्याख्येत मंदिर, मठ यांच्याबरोबर चर्चही आहे. नोंदणीकृत ट्रस्टला हिशेब ठेवावे लागतात, त्यांचं लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं आणि धर्मादाय कार्यालयात ते सादर करावे लागतात.

देताना काही गोष्टी तपासता येतात :

* क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा आहे की एखाद्या व्यक्तीच्या?
* पावती मिळते का?
* वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे वाचला जातो का?
* पाळकाचा पगार कोण ठरवतं, समिती की तो स्वतः?
* जमलेल्यातलं गरजूंवर किती खर्च होतं?

करसवलतीबद्दलही गैरसमज आहेत. एका विशिष्ट धर्मसमूहापुरत्या धार्मिक संस्थेला दिलेल्या दानावर साधारणपणे ८०जीची वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. त्यामुळे ‘दशांश द्या, टॅक्स वाचवा’ असं कुणी सांगत असेल, तर आधी प्रमाणपत्र पाहावं.

हिशेबाचा प्रश्न फक्त छोट्या मंडळ्यांचा नाही. दशांश सक्तीने शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चवर आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीवर २०२३ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने मिळून ५० लाख डॉलरचा दंड लावला. सुमारे ३२ अब्ज डॉलरपर्यंत वाढलेली गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांआड ठेवली, हे त्याचं कारण होतं.

मग द्यायचा की नाही?

नव्या करारात ख्रिस्ती माणसासाठी १० टक्क्यांचा स्पष्ट हुकूम नाही. दशांश न दिल्याने शाप लागतो, हे सांगण्यासाठी मलाखीची वचनं त्यांच्या संदर्भातून बाजूला काढावी लागतात. त्या अर्थाने सक्तीची बाजू कमकुवत आहे.

पण विरोधकांनीही एक प्रश्न टाळू नये. दशांश नको म्हणणारे किती टक्के देतात? मंडळीला पाळक हवा, लग्नाला आणि मातीला तो वेळेवर यायला हवा, छप्पर गळलं तर दुरुस्त व्हायला हवं. हे सगळं कुणाच्या तरी खिशातूनच होतं. ज्याला परवडतं त्याने ‘नियम नाही’ म्हणून पन्नासची नोट टाकायची आणि भार विडी वळणाऱ्या बाईच्या भाविकपणावर सोडायचा, हेही न्यायाला धरून नाही.

म्हणून अनेक शिक्षक मधली वाट सांगतात. दशांशाकडे कायदा म्हणून पाहू नये, माप म्हणून पाहावं. ज्याचं घर सुरळीत चाललंय त्याने १० टक्क्यांवर थांबण्याचं कारण नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा घरात आजारपण आहे, त्याने मूठभर दिलं तरी ते कमी नाही. उलट अनुवादातल्या तिसऱ्या वर्षाच्या दशांशाचा हिशेब लावला, तर अशा घराकडे मंडळीने मागायला जायचं नसतं, द्यायला जायचं असतं.

एखाद्या मंडळीची खरी परीक्षा इथेच होते. तिथे दशांश किती जमतो हे फळ्यावर लिहिलेलं असेल. त्यातून कोणत्या घराची चूल पेटली, हेही तिथे सांगितलं जातं का?